टाकीपासून जेटपर्यंत

घर बदलायचे असो, लग्नाचे सामान कार्यालयावर न्यायचे असो की सार्वजनिक गणपती आणायचा असो, मराठी घरात एक प्रश्न ठरलेला असतो: टेम्पो सांगितलाय ना? हा शब्द कुणाला परका वाटत नाही. पण मुळात ते एका जर्मन कारखान्याचे नाव आहे. हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीच्या गाड्या 'टेम्पो' या नावाने विकल्या जात. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी या कंपनीशी सहकार्य करून बजाज टेम्पो उभी केली आणि साठच्या दशकात तिचा कारखाना आकुर्डीला नांदू लागला. तिथून निघालेली 'हॅन्सीट' ही तीनचाकी मालगाडी महाराष्ट्राने इतकी आपलीशी केली की पुढे कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पोच ठरली. गाडीचे नाव भाषेत मिसळून सामान्य नाम होण्याचे मराठीतले इतके ठसठशीत उदाहरण शोधूनच काढावे लागेल.

हॅन्सीटचा सगळा संसार पुढच्या बाजूला होता. पुढे एकच चाक, गाडी ओढायचे कामही त्याच चाकाकडे, आणि इंजिन त्याच्यापाशीच. इंजिन टू-स्ट्रोक, त्याला पेट्रोल पाजणारा कार्ब्युरेटर. बोलताना मात्र कार्ब्युरेटर कुणी म्हणत नसे. फिटरच्या तोंडी तो 'कार्बोरेटर' होता, ड्रायव्हरच्या तोंडी 'कार्बेटर'. भाजीची पोती लादलेला टेम्पो चढावर गचके खाऊन थांबला की ड्रायव्हर खाली उतरायचा आणि क्लीनरला पहिला प्रश्न विचारायचा, 'पेट्रोल येतंय का बघ.' त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक ठरलेली वाट होती आणि ती वाट पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांहूनही जुनी आहे.

कारखाने येण्याआधी या पट्ट्यात होता तो मुंबई-पुणे रस्ता. दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी, देहूरोड अशी गावे त्या रस्त्याला लागून होती आणि मोरया गोसावींचे चिंचवड सोडले तर बाहेरच्या माणसाला त्यांतल्या फारशा गावांत उतरण्याचे कारण नव्हते. या रस्त्यावरून धावणारे ट्रक त्या काळी बहुतेक पेट्रोलवरचे असत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, तिथून शेवरोले बाहेर पडत. फोर्डच्या गाड्या होत्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला डॉज आणि फार्गो जोडायला सुरुवात केली. परदेशातून आलेले भाग इथे जोडायचे आणि नाकाडावर कंपनीची पट्टी ठोकायची, असा तो धंदा. सुटा भाग मोडला की तो मुंबईच्या दुकानात असला तर मिळणार, नाहीतर कुणीतरी इथेच घडवणार.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. निघाली. सुरुवातीच्या ताफ्यात बेडफोर्ड, शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन अशा अनेक बनावटींच्या गाड्या होत्या. त्यांतल्या त्या काळच्या बेडफोर्ड आणि शेवरोले पेट्रोलवर चालत. इतक्या जातींच्या गाड्या म्हणजे तितक्या जातींचे कार्ब्युरेटर, तितक्या मापांचे जेट, तितक्या तऱ्हांचे पेट्रोलपंप. एका गाडीचा फ्लोट दुसरीला बसत नसे. एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीला आहे, म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर. मोटारीच्या उद्योगाचा इतिहास लिहिताना टेल्को आणि बजाजचे नाव पहिले येते, ते योग्यच आहे. पण परक्या यंत्रांना आपल्या रस्त्यांवर चालते ठेवण्याची विद्या या परिसरात दुरुस्तीच्या वाटेनेही शिरली, ही गोष्ट मोठ्या कारखान्यांच्या झळाळीत मागे पडते.

ड्रायव्हर-फिटरांच्या या पहिल्या पिढीने युद्धाचे दिवस पाहिलेले होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले तेव्हा अनेक सर्व्हिस मोटारींच्या पाठीवर कोळशाची भट्टी चढली. कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा. सकाळी भट्टी पेटवा, पंख्याने फुलवा, वायू नीट येईपर्यंत थांबा आणि चढ लागला की प्रवाशांना उतरवा. पेट्रोल सुटल्यावर त्या भट्ट्या निघाल्या. पण इंजिनाला हवेत मिसळलेले इंधन ठरावीक प्रमाणातच लागते, एक बाजू कमी-जास्त झाली की सगळे बिघडते, हा धडा त्या कोळशाच्या काळ्या हातांनी पक्का केला.

कार्ब्युरेटरचे काम नेमके तेच. १ किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ते प्रमाण कुठल्याही संगणकाशिवाय, विजेच्या तारेशिवाय, केवळ पितळी भोकांच्या, म्हणजे जेटच्या, मापांवर सांभाळायचे. नळी मध्ये अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी मांडले होते. त्या अरुंद जागी पेट्रोलच्या बारीक नळीचे तोंड ठेवले की हवा स्वतःच पेट्रोल ओढून घेते आणि त्याचा फवारा होतो. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी ही कल्पना इंजिनाला जोडली. खाली एक छोटी वाटी, तिच्यात तरंगणारा फ्लोट, फ्लोटवर टेकलेली सुई. वाटी भरली की फ्लोट वर येतो, सुई भोक बंद करते. पेट्रोल संपत आले की फ्लोट उतरतो, सुई सुटते. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो, त्याचाच हा धाकटा भाऊ.

आता ती वाट. जुना पेट्रोलचा ट्रक अडला की चांगला मिस्त्री आधी कार्ब्युरेटर उघडत नसे. तो टाकीपासून सुरुवात करी. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असते. पेट्रोल जितके बाहेर जाते तितकी हवा त्यातून आत यावी लागते. ते भोक मातीने किंवा तेलकट धुळीने बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे सरकेनासे होते. अशी गाडी आठ-दहा मैल सुरेख चालते, मग मरते. तासभर उभी राहिली की पुन्हा जिवंत होते. नवखा माणूस अशा गाडीचा सगळा कार्ब्युरेटर खोलून बसतो. जाणता झाकण सैल करतो, 'फुस्स' असा आवाज येतो का ते कान देऊन ऐकतो, आणि सुईच्या टोकाने भोक मोकळे करून निघून जातो.

टाकीच्या तळाला गंज आणि पाणी. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आतल्या पत्र्यावर घाम धरतो, ते पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसते. ट्रकला पंपापाशी काचेची छोटी वाटी असे. तिच्यात पेट्रोलखाली पाण्याचा थेंब गोलसर, वेगळा दिसायचा. काच काढून पुसायची, तिच्या कडेचा बुचाचा वायसर फाटलेला नाही ना ते बघायचे. हा वायसर आणि टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप फार फसवे, कारण पंप पेट्रोल ढकलत नाही, ओढतो. या भागात कुठे चीर असली तर तिथून पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. बाहेरून सगळे कोरडे ठणठणीत, आणि आत पंप नुसती हवा घोटत बसलेला. त्यासाठी साधी परीक्षा होती. कार्ब्युरेटरकडचा पाइप सोडायचा, त्याचे तोंड बाटलीत धरायचे आणि इंजिन फिरवायचे. पेट्रोलची धार ठोके देत, सलग आली तर दोष पुढे आहे. धारेत बुडबुडे आले तर मागे कुठेतरी हवा शिरते आहे. काहीच आले नाही तर पंप बघायचा.

पंप म्हणजे इंजिनाच्या कॅमवर नाचणारी एक दांडी आणि तिच्यावरचा कापडी-रबरी पडदा. त्याच पंपाला बाहेरून हाताने हलवायची बारकी कळ असे. सकाळी थंड गाडीला आधी ती दहा-बारा वेळा दाबायची की वाटीत पेट्रोल चढे. पडदा फाटला तर पेट्रोल चढत नाही हे झालेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते खाली इंजिनाच्या तेलात झिरपते. म्हणून जाणता मिस्त्री तेलाची पट्टी काढून नाकाशी धरी. तेलाची पातळी न भरता वाढलेली आणि वासात पेट्रोल, एवढे पुरे. अशी गाडी तशीच पळवली तर पातळ झालेल्या तेलाने बेअरिंगे जातात. दहा मिनिटांच्या पेट्रोलच्या तक्रारीतून इंजिन खोलायचे काम निघते, ते असे.

एवढे सगळे पाहून झाल्यावर मग कार्ब्युरेटर. फ्लोट पितळी पत्र्याचा असे, दोन अर्ध्या वाट्या डाखावलेला. त्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले की आत पेट्रोल शिरते, फ्लोट बुडतो, सुई बंद होत नाही आणि गाडी 'ओव्हर' होते. पेट्रोल बाहेर सांडते, प्लग ओला आणि काळा होतो. फ्लोट कानाशी धरून हलवायचा, आत डुचमळले की समजायचे. छिद्र नेमके कुठे आहे ते शोधायला तो गरम पाण्यात बुडवायचा. आतली हवा तापून जिथून बुडबुडा निघेल तिथे खूण करायची. मग आतले पेट्रोल पूर्ण काढून टाकायचे आणि नंतरच डाख द्यायचा. हा क्रम चुकला तर जीवाशी खेळ. डाखही थोडकाच, कारण जास्त झाला तर फ्लोटचे वजन वाढते आणि वाटीतली पातळी पुन्हा बदलते.

या सगळ्या वाटेत एक मोठी खोटी वळणवाट होती, आणि तिने अनेकांना फसवले. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळाले किंवा कंडेन्सर कमजोर झाला तरी गाडी तशीच झटके देते, तशीच चढावर दम सोडते. वरवर बघणाऱ्याला ते पेट्रोलचे दुखणे वाटते. म्हणून जुने लोक प्लग काढून बघत. पांढुरका, भाजल्यासारखा प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडतेय. काळी काजळी म्हणजे जास्त होतेय. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे पेट्रोल-हवेचे प्रमाण बरोबर आहे, आता करंट तपासा. वैद्य जीभ बघतो तसे हे प्लग बघणे होते.

खंडाळ्याच्या घाटाने यात एक वेगळाच रोग जोडला होता. एप्रिल-मे महिन्यात खोपोलीहून माल भरून चढताना इंजिन पेटल्यासारखे तापे. बॉनेटखालचा पंप आणि पाइप इतके गरम होत की पाइपातल्या पेट्रोलची वाफ होई. पंप द्रव ओढू शकतो, वाफ ओढायला तो बनलेलाच नसतो. गाडी मध्येच थांबे, टाकी भरलेली, पाइप धड, पंप धड, आणि तरी वाटी कोरडी. उपाय एकच होता. बॉनेट उघडायचे, फडके ओले करून पंपावर आणि पाइपवर गुंडाळायचे आणि वाट बघायची. घाटात बॉनेट वर करून रांगेने उभ्या असलेल्या मोटारी ही मुंबई-पुणे प्रवासाची अनेक वर्षांची ओळख होती.

ट्रकपुरते हे दुखणे डिझेलने संपवले. १९५४ मध्ये टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवायला घेतले. त्याच वर्षी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि या पट्ट्यात पहिला मोठा सरकारी कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, भोसरी-चिंचवडच्या शेतांत भूखंड पडले, आणि १९६६ पासून सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचा पुण्यातला प्रकल्प उभा राहू लागला. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. गावांची नावे जोडून शहर होण्याच्या कितीतरी आधी इथे पाळ्यांचे भोंगे वाजत होते. डिझेलला कार्ब्युरेटर नाही, प्लग नाही. त्याचे स्वतःचे दुखणे म्हणजे लाइनमध्ये हवा शिरणे. नट सैल करून बुडबुडे संपेपर्यंत पंप मारायचा. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा माल वाहणाऱ्या पेट्रोल गाड्यांचे गणितच मोडले. मग इंजिने बदलण्याचा एक मोठा धंदा सुरू झाला. डॉज-फार्गोत पर्किन्स बसू लागले, आणि जुन्या जीपमध्ये आकुर्डीच्या मॅटाडोरचे डिझेल इंजिन. ज्या कारखान्याने टेम्पोचा कार्ब्युरेटर घरोघरी पोचवला, त्याच्याच इंजिनाने जीपचा कार्ब्युरेटर भंगारात घातला. पुढे त्याच कंपनीची मिनिडोअर आली तीही डिझेलवरच.

पण कार्ब्युरेटर गेला नाही. तो लहान झाला आणि माणसांच्या घरात शिरला.

बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही बजाज ऑटोची पूर्वज कंपनी १९४५ ची. १९४८ पासून ती व्हेस्पा आयात करून विकत असे. १९५९ मध्ये इथेच उत्पादन करण्याचा परवाना मिळाला, इटलीच्या पियाजिओशी सहकार्य झाले, आणि आकुर्डीला स्कूटर व रिक्षा बनू लागल्या. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया बनू लागली. मागे इंजिन असलेली रिक्षा १९७७ ची. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, स्कूटर आली की पेढे वाटले जात. या सगळ्या गाड्यांच्या पोटात एक मुठीएवढा कार्ब्युरेटर होता. अनेकांच्या अंगावर 'स्पाको' अशी अक्षरे असत. इटलीच्या डेलोर्टो कंपनीच्या परवान्याने भारतात बनणारा तो नमुना.

स्कूटरमध्ये पंप नव्हताच. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर तिच्याही खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरणार. त्यामुळे ट्रकची लांबलचक वाट इथे वीतभर झाली: झाकण, कॉक, नळी, जाळी, सुई, जेट. कॉकला तीन खुणा, बंद, चालू आणि रिझर्व. गाडी चालता चालता भुकभुकली की हात न बघताच सीटखाली जाऊन कॉक फिरवत असे. 'रिझर्वला लागली' हा शब्दप्रयोग तिथून उठला आणि महिनाअखेरच्या पगारालाही लागू झाला.

सकाळी किक मारण्याआधी स्कूटर एका अंगावर झुकवण्याची रीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहे. तो नुसता सवयीचा भाग नव्हता. रात्रभर उभ्या गाडीच्या वाटीतले थोडे पेट्रोल उडून जाते. गाडी कलती केली की फ्लोट जागचा सरकतो, सुई सुटते, टाकीच्या कोपऱ्यातले उरलेसुरले पेट्रोलही तोटीकडे येते आणि वाटी काठोकाठ भरते. थंड इंजिनाला हवे असते तसे दाट मिश्रण पहिल्या किकला मिळते. कधी जास्तच कलली, तर प्लग ओला होऊन बसे. मग चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आठ-दहा किका. डिकीत प्लगपाना आणि सँडपेपरचा तुकडा नसलेला चेतकवाला विरळा. टू-स्ट्रोक इंजिनात लिटरला साधारण २० मिलिलिटर तेल मिसळावे लागे, आणि ते जरा सढळ हाताने पडले की प्लगवर काजळीचा पूल जमून ठिणगीच पडत नसे. 'प्लग शॉर्ट झालाय' हे ऑफिसला उशीर होण्याचे त्या काळातले सर्वमान्य कारण होते.

आकुर्डी-चिंचवडमध्ये या विद्येला एक खास वळण मिळाले. इथे स्कूटर बनवणारा आणि दुरुस्त करणारा एकाच चाळीत राहत असे. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा कोर्स करायचा, १९६१ च्या कायद्याप्रमाणे कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून वर्ष काढायचे, कायम झाले तर ठीक. नाहीतर मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, नाहीतर पिंपरी कॅम्पात पत्र्याची टपरी टाकायची. कारखान्यात गेजवर मोजलेली गोष्ट टपरीत बोटांनी मोजली जाई. कारखान्याच्या पुस्तकात फ्लोटची उंची मिलिमीटरमध्ये असे; टपरीवाला वाटी उलटी करून पत्ती नखाने किंचित वाकवी आणि ती बरोबर बसे. सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि जे नवे मिळत नाही त्यासाठी बुधवार-रविवारचा जुना बाजार. एका बंद पडलेल्या कार्ब्युरेटरची सुई, दुसऱ्याची वाटी, तिसऱ्याचे झाकण असा एक चालता कार्ब्युरेटर जुळे.

गिऱ्हाईकाचा प्रश्न मात्र एकच असे: एव्हरेज किती देईल? पगार मोजका, पेट्रोल महाग. त्यामुळे जेटचा नंबर एक-दोन पायऱ्या खाली आणून देण्याची मागणी होई. जेट लहान केला की पेट्रोल वाचते, पण प्लग पांढरा पडतो आणि इंजिन तापते. चढावर पिस्टन धरण्याची वेळ येते. चांगले मिस्त्री हे गिऱ्हाईकाला समजावून सांगत आणि नकार देत. ज्यांनी नकार दिला नाही त्यांच्याकडे गर्दी थोडे दिवस जास्त झाली असेल, पण इंजिने त्यांनीच जास्त खोलली.

जेटबद्दल आणखी एक गोष्ट. कचरा अडकलेल्या जेटमध्ये तार घालायची नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. पितळ मऊ असते. तारेने भोक केसभर मोठे झाले तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते, आणि वरून बघून कुणालाच कळत नाही की का. जेट पेट्रोलमध्ये भिजत ठेवायचा, हवा मारायची, उजेडाकडे धरून भोक गोल दिसते का ते बघायचे. फारच झाले तर ब्रशचा एक केस. एवढ्या लहानशा भागाशी इतक्या अदबीने वागणारा धंदा दुसरा क्वचित सापडेल.

चाकणचा पट्टा उभा राहिला तेव्हा कार्ब्युरेटरचे दिवस भरत आले होते. पण त्याचा शेवटचा मोठा पराक्रमही इथलाच. संग्रामदुर्ग आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाजवळ १९९९ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि २००१ मध्ये पल्सर आली. चाकणच्याच औद्योगिक वसाहतीत केहिन फाय या कारखान्यात कार्ब्युरेटर तयार होत. आणि २००७ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. बजाजने पल्सर २२० मध्ये कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवले. सेन्सर, छोटा संगणक आणि विजेवरचा पंप. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, तीच २२० पुन्हा कार्ब्युरेटर घेऊन बाजारात आली, किंमत उतरली आणि गाडी जोरात खपली. तंत्रज्ञान एकाच दिशेने चालते असे मानणाऱ्यांनी ही दोन वर्षे लक्षात ठेवायला हवीत. त्या वेळच्या गिऱ्हाईकाला परवडणारी, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला उघडता येणारी गाडी हवी होती.

निकाल अखेर धुराने लावला. भारतात पेट्रोल गाड्यांना धुराची पहिली बंधने १९९१ मध्ये आली. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेत, आणि पुढे तिच्या चाकणच्या केंद्रातही, नव्या गाड्यांच्या चाचण्या होत राहिल्या आणि मर्यादा दर काही वर्षांनी आवळत गेल्या. पितळी भोकाला हवा थंड आहे की गरम, गाडी आकुर्डीत आहे की महाबळेश्वरला, हे कळत नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराची बीएस-६ ही मर्यादा लागू झाल्यावर दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. बजाजच्या काही छोट्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा कार्ब्युरेटर त्यानंतरही थोडा काळ टिकला. रिक्षा बहुतेक सीएनजीवर गेल्या होत्याच. २०२२ मध्ये आकुर्डीला विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. जिथे एके काळी टाकी आणि कॉक बसवत, तिथे आता बॅटरी बसते.

हा बदल हवेसाठी चांगला झाला, याबद्दल शंका असू नये. टू-स्ट्रोक स्कूटर न जळलेल्या पेट्रोलचा काही भाग सरळ धुराड्यातून बाहेर टाकत असे, आणि सिग्नलला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने तो निळा धूर छातीत घेतला आहे.

जुन्या गाड्या मात्र आहेत. कुणाची वडिलांची चेतक, कुणाची लष्कराच्या लिलावात घेतलेली सहा सिलिंडरची जोंगा, कुणाची गावाकडची पेट्रोल जीप. त्यांच्यापुढे आता नवे दुखणे उभे आहे आणि त्याची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीजवळ झाले. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. ऊस पिकवणाऱ्या राज्याला यात मोठा आधार आहे. पण इथेनॉल हवेतले पाणी धरून ठेवते, जुन्या रबरी नळ्या आणि वायसर फुगवते, आणि टाकीच्या पत्र्यावर वर्षानुवर्षे बसलेला मळ सोडवून पुढे पाठवते. जो कचरा वीस वर्षे तळाशी गप्प बसला होता तो जेटच्या तोंडाशी येतो. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटला तेच मिश्रण पातळ पडते आणि प्लग पांढरा दिसू लागतो. इंजेक्शनची गाडी हे ओळखून स्वतःच दुरुस्त करते. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते कुणालातरी ओळखावे लागते.

त्यामुळे टाकीपासून जेटपर्यंतची ती वाट पुन्हा चालावी लागते आहे. नळ्या बदलायच्या, त्याही इथेनॉल सोसणाऱ्या. टाकी आतून धुऊन घ्यायची. टाकी आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये कागदी फिल्टर बसवायचा. प्लग पांढरा असेल तर जेट एक नंबर वर न्यायचा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आदल्या दिवशी एक काम करायचे, जे आकुर्डीच्या टपऱ्यांवर पूर्वीपासून सांगत आले आहेत: कॉक बंद करायचा आणि इंजिन सुरूच ठेवायचे. मिनिटभर ते नेहमीसारखे चालते. मग वाटीतली पातळी उतरते, आवाज जरा चढतो, एक-दोन गचके येतात आणि शेवटचा थेंब जळला की इंजिन आपोआप थांबते.